खालच्या दांडीवरची ठसकी

मी ठसकी बोलतेय, मागच्या अंगणातल्या खुराड्यातून. आवाज हळू येत असेल, तर जरा वाकून ऐका. मोठ्यानं बोलायची मुभा मला राहिलेली नाही. वरच्या दांडीवर तांबडी बसली आहे आणि तिचं डोकं फिरायला फारसं निमित्त लागत नाही.

मी कोंबडी आहे. रंग करडा, मानेवर सोनेरी झाक. आता मानेवर पिसंच कमी उरलीत, तेव्हा झाक होती असं म्हणा. तुरा एका बाजूला झुकलेला. पूर्वी घरातली माणसं त्याला ऐट म्हणायची, हल्ली म्हातारपण म्हणतात. तुरा तोच आहे.

आमच्यात एक रीत असते, ती आधी सांगते. कुणी कुणाला टोचायचं, हे ठरलेलं असतं. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि असं करत करत शेवटची जी असते तिनं नुसतं खायचं. दाणे नव्हे, टोचे. पाण्यावर आधी कोण, सावलीत कोण, रात्री भिंतीलगतच्या उबदार दांडीवर कोण, सगळं याच हिशेबानं. आमच्यात एक कोंबडाही होता, पण त्याचा हुकूम फक्त पहाटेवर चालायचा. बाकी कारभार आमचा.

त्या कारभारात मी पहिली होते.

माझा जन्म उसन्या आईखाली झाला. अंडं एकीचं, ते उबवायला खुडूक बसली दुसरीच, आणि दोघींनीही पुढे मला ओळख दाखवली नाही. पिल्लू असतानाच मी पाण्याच्या परातीत मधोमध उभी राहायचे आणि भावंडांना काठावरून हाकलायचे. ते पाहून घरातल्या थोरलीनं माझं नाव ठसकी ठेवलं. वर्ष उलटायच्या आत मी तांबडीला एका सकाळी कोपऱ्यात गाठून तिचा तुरा धरला. तिनं मान खाली घातली आणि वरची दांडी माझी झाली.

थोरली म्हणजे या घरातली मोठी जाऊ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. इथे ती, तिचा धाकटा दीर आणि त्याची बायको, एवढीच माणसं. दिराचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या बायकोला सगळे धाकटी म्हणायचे, चाळिशी उलटली तरी.

थोरलीला एक खोड होती. दाणे टाकताना ती आमच्यावर गाणी रचायची. चार ओळींच्या वर कधी गेली नाही, म्हणायची, कोंबड्यांना त्याहून जास्त झेपत नाही.

पहिला दाणा ठसकीचा,
दुसरा दाणा ठसकीचा,
तिसरा उरला तर बघू,
तोही दाणा ठसकीचा!

हे माझ्यावरचं. मला ते फार आवडायचं. बाकीच्या जणींना आवडायचं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मग तिनं सगळ्यांवर मिळून एक रचलं:

ठसकी टोचे तांबडीला,
तांबडी टोचे भुरीला,
भुरी टोचे लंगडीला,
लंगडी टोचे भिंतीला!

लंगडी खरोखरच भिंतीला टोचायची. चुना उडायचा. आम्ही सगळ्या बघायचो आणि पुन्हा खायला लागायचो.

माणसांनाही ती सोडत नसे. दिरानं एकदा आमच्या दाराला बिजागरी बसवली आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. दुसऱ्याच सकाळी दाण्यांबरोबर खिडकीकडे तोंड करून थोरली म्हणाली:

अंडं घातलं भुरीनं,
ओरडली ती तासभर;
खिळा ठोकला भावजींनी,
सांगितलं ते गावभर!

आत दीर हसताना चहा सांडल्याचा आवाज आला. धाकटीही हसली, पण जरा मागाहून, सगळे हसतायत हे पाहून.

स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खुराड्याच्या अगदी वर. त्यामुळे त्या घरातला क्रम मला पाठ होता. चुलीशी थोरली. डबे कुठे, फडकी कुठे, आज काय शिजणार, सगळं तिच्या मनानं. भाजीत मीठ किती ते तीच चाखून सांगायची. धाकटी धुणार, चिरणार, पुसणार. माणसं चोचीनं टोचत नाहीत. ती म्हणतात, "राहू दे, मी करते." किंवा, "अगं, असं नाही, इकडे आण." धाकटी मान खाली घालून इकडे आणायची. मला ते सगळं बरोबरच वाटायचं. वरच्या दांडीवरून सगळं बरोबरच दिसतं.

मग एके दिवशी थोरली मागच्या पायऱ्यांवर घसरली. हातातलं भांडं आधी आलं, मग ती. खुब्याचं हाड मोडलं. दीर आणि शेजारचा सुतार तिला उचलून घेऊन गेले. आधी दवाखाना, मग लेकीकडे विश्रांती. दिवसांवर दिवस गेले. गाणी थांबली. दाणे धाकटी टाकू लागली, एकदम, एका जागी, मुकाट्यानं.

मी चिडचिडी झाले होते. थोरली दिसत नव्हती आणि का दिसत नाही हे कोंबडीला कोण सांगणार? मी लंगडीला टोचायला लागले, जरा जास्तच. तिची पाठ उघडी पडली. धाकटीनं ते पाहिलं आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "या ठसकीचं फार झालं. हिला थोडे दिवस वेगळी ठेवते. माझ्या माहेरी असंच करायचे."

"त्यानं काय होणार?"

"जागा जाते. परत सोडली की कुणी जुमानत नाही."

तिनं मला मोरीजवळ टोपलीखाली ठेवलं. दाणापाणी वेळच्या वेळी दिलं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण टोपलीच्या फटीतून नुसत्या माणसांच्या टाचा दिसायच्या. पलीकडे माझ्या जणी दाण्यांवर भांडतायत हे ऐकू यायचं. कुणी कुणाला टोचलं ते मी आवाजावरून ओळखायचे. रोज त्यात मी नसायचे, आणि रोज त्यांचं माझ्यावाचून काही अडायचं नाही. हे फार लागलं मला.

सोडलं तेव्हा मी सरळ पाण्याकडे गेले, नेहमीसारखी. तांबडीनं माझा तुरा धरला. मी उलट तिच्या अंगावर जाणार, तोच मागून भुरीनं पाठीत चोच मारली. आणि मग लंगडी आली. लंगडी! एका पायावर तोल सावरत तिनं मला टोचलं आणि स्वतःच दचकून मागे सरली. मी काही केलं नाही, हे पाहून पुन्हा टोचलं. त्या रात्री मी दांडीवर चढलेच नाही. दारापाशी जमिनीवर बसले.

थोरली परतली ती काठी टेकत. धाकटीनं मागच्या दारात तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, पाठीला उशी, पायांखाली पाट. "बसा वहिनी. उठू नका हं. काही लागलं तर फक्त हाक मारा." तिचा आवाज मायेचा होता. मी सगळ्यांचे आवाज ओळखते, त्यात लबाडी नव्हती.

चहा अजूनही थोरलीलाच पहिला मिळायचा, पण खुर्चीत. आतून भांड्यांचे आवाज यायचे आणि ती मान वळवून ऐकत राहायची. एकदा धाकटी बाजारात गेली, तेव्हा थोरली उठून भिंत धरत धरत आत गेली. डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. एक, दुसरं, मग बरीच. "साखरेच्या जागी तांदूळ, तांदळाच्या जागी आणखी काही," ती पुटपुटली. शेवटी सगळी झाकणं लावून ती परत खुर्चीत येऊन बसली. डोळे पुसले. दाण्यांची चार ओळींची गाणी तिला सुचत नव्हती. मी कान देऊन होते.

मग तिचं लक्ष माझ्या मानेकडे गेलं. मी दारापाशी अंग चोरून उभी होते. काठीनं दार ढकलून तिनं मला उचललं आणि मांडीवर घेतलं.

"तुलाही काढलं का गं?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती मला रोज मांडीवर घेऊ लागली. तिच्या तळहातावर मी दाणे खायचे. कुणी हिसकावणार नाही, कुणी मागून येणार नाही. बोट माझ्या मानेवरून फिरायचं, जिथे पिसं नव्हती तिथे जास्त हळू. वरच्या दांडीवर असतानाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. दोघीही एकट्या होतो, पण एकाच खुर्चीत होतो.

संध्याकाळ झाली की मात्र मला खुराड्यात सोडावं लागायचं. माझ्या अंगाला तिच्या हाताच्या साबणाचा वास यायचा. आतल्या जणींना मी रोज नवीनच वाटायचे. नव्या कोंबडीचं जे करतात ते त्या रोज करायच्या, पहिल्यापासून. मला लागलेलं पाहून थोरली दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उचलायची आणि आणखी उशिरा सोडायची. मग मार आणखी बसायचा. एका सकाळी माझा तुरा फाटला आणि रक्त डोळ्यात उतरलं.

थोरली माझ्या तुऱ्याला हळद लावत बसली होती. धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही हिला रोज उचलून घेता ना, म्हणून त्या हिला घेत नाहीत. दया येते मलाही. पण हिला त्यांच्यातच राहू द्या. टोचतील, टोचतील आणि मग घेतील. वरची जागा नाही मिळायची, पण एखादी मिळेल. असं उचलत राहिलात, तर कुठलीच मिळणार नाही."

थोरलीचं बोट माझ्या मानेवर थांबलं.

"आणि माझं काय गं?"

"तुमचं काय, वहिनी?"

"मलाही तू रोज उचलून या खुर्चीत ठेवतेसच की. मी कधी जायचं आत?"

धाकटीचा चेहरा पडला. "अहो, पण तुमचा पाय..."

"पाय मोडला होता. हात शाबूत आहेत."

धाकटी पायरीवर बसली. "मला वाटलं, मी तुमची सेवा करतेय."

"करतेसच. म्हणून तर तोंड उघडता येत नव्हतं. वाईट वागली असतीस, तर भांडले असते."

मग धाकटी पायरीकडेच बघत म्हणाली, "आत या. पण मी बोलणार हं, वहिनी. डबे आता माझ्या हातानं लागलेत, ते हलवायचे नाहीत. आणि कांदा जाड झाला तर मी म्हणणार जाड झाला म्हणून. इतकी वर्षं ऐकलंय मी."

"म्हण की," थोरली म्हणाली. "म्हण."

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं, खुराड्याचं दार उघडलं आणि आत ठेवलं. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. मला वाटलं, चूक झाली असेल, आत्ता परत उचलेल. ती काठी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी मी मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी खाल्ला. खिडकीतून धाकटीचा आवाज येत होता, "ते भांडं नाही वहिनी, हे," "अहो, आच कमी करा," "कांदा बघा केवढाला चिरलात." मी जीव मुठीत धरून ऐकायचे. थोरली उलटून बोलेल, रुसून परत खुर्चीत येईल आणि मला हाक मारेल, अशी माझी आशा होती. खोटं कशाला बोलू? मी त्याचीच वाट पाहत होते.

त्याऐवजी एका दुपारी आतून गाणं आलं:

धाकटी टोचे थोरलीला,
थोरली टोचे कांद्याला;
कांदा टोचे दोघींनाही,
पाणी आलं डोळ्याला!

धाकटी हसली. या वेळी मागाहून नाही, सगळ्यात आधी. दुकानातून जेवायला आलेला दीर विचारत राहिला, "अगं, रडताय की हसताय?" मी तेव्हा परातीपाशी उभी होते. सगळ्याजणी पिऊन गेल्या होत्या आणि पाणी ढवळलेलं होतं. माझं तहानेकडे लक्ष नव्हतं.

आता माझं बरं चाललंय म्हणायचं. खालच्या दांडीवर दाराकडची जागा माझी. वारा लागतो, पण जागा माझी आहे. शेजारी लंगडी. अंधार पडायच्या सुमारास ती मला एक टोचा देते, हजेरी घेतल्यासारखा, आणि मग माझ्याच अंगाला टेकून झोपते. ती माझी मैत्रीण नाही. तिला ऊब लागते, मलाही लागते. तुऱ्याची जखम भरली. मानेवर बारीक पिसं फुटू लागलीत, पण त्यांच्यावरून बोट फिरवणारं कुणी नाही. इतक्या जणींत राहून मी इतकी एकटी कधी नव्हते.

सकाळी दाणे टाकायचं काम आता थोरलीकडे आलं आहे. धाकटीनंच दिलं. ती काठी दाराला टेकवते, दाणे सगळीकडे सारखे उडवते आणि मला पाहते. तिचा हात थोडा पुढे येतो. मग ती तो मागे घेते, कपड्याला पुसते आणि आत जाते, कारण आत तिच्यासाठी काम पडलेलं असतं. तिनं योग्य तेच केलं. मला कळतं. कोंबडीला कळतं तेवढं सगळं कळतं.

तुमच्या अंगणातही एखादी मागे राहिलेली, मार खाणारी कोंबडी असेल. तिला पाहून जीव तुटेल. तुटू द्या, पण तिला उचलू नका. आणि उचललंतच, तर कृपा करून पुन्हा खाली ठेवू नका.