बारा घरांची झडती

"बारा म्हणजे बारा घरं, साहेब. मधलं एकही सोडायचं नाही," ताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

शाळेच्या मैदानावर लष्कराचा तंबू होता. टेबलावर टेकडीवरच्या वस्तीचा नकाशा पसरलेला, आणि त्यावर वाकलेला कॅप्टन ताईंच्या मुलीएवढ्या वयाचा. बोलायला सभ्य. त्यानं खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण ऐकताना त्याचं बोट नकाशावरच फिरत होतं.

"शस्त्रं पाचव्या घरात आहेत, असं तुम्हीच सांगताय ना? मग बारा घरं कशाला उघडायची?"

"कारण एकटं पाचवंच उघडलं, तर कुणी सांगितलं हे वस्तीला लगेच कळेल. भिंतीला भिंत लागून घरं आहेत तिथं. एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरातून 'शतायुषी हो' म्हणतात."

कॅप्टन हसला. "बरं. बाराच्या बारा. शब्द देतो."

ताई पोलिसात हवालदार होत्या. त्या वस्तीच्या चौकीवर त्यांची अठरा वर्षं गेली होती. वरच्या टोळीची आणि खालच्या टोळीची पोरं त्यांनी नाक पुसायच्या वयाची पाहिली होती. आधी चाकू आले, मग पिस्तुलं. चौकीत माणसं सहा आणि एक जीप, ती उतारावर ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. माणसं द्या म्हणून ताईंनी अर्जांवर अर्ज केले. वरून ठरलेलं उत्तर यायचं, 'विचाराधीन आहे.' मग एका आठवड्यात नऊ माणसं मेली. तेव्हा सरकारला जाग आली आणि पोलिसांच्या मदतीला तीन महिन्यांसाठी लष्कर आलं.

"दोन वर्षं आमच्या जीपला क्लचप्लेट मिळत नव्हती," ताई घरी तणतणल्या, "आणि यांच्याबरोबर पाव भाजायची भट्टीसुद्धा आली."

नवरा बसचा ड्रायव्हर. तो शांतपणे म्हणाला, "भट्टी येऊ दे, नाहीतर आणखी काही. गेल्या महिन्यात वस्तीच्या थांब्यावर मी बस उभीच करत नव्हतो. आता करतो. तेवढं पुरे आहे मला."

ते खरंच होतं. दुकानं उघडली होती. बायका पुन्हा नळावर भांडू लागल्या होत्या. म्हणूनच ताईंना धड संतापताही येत नसे.

लष्कराची एक अडचण होती. बायकांची झडती जवानांनी घ्यायची नाही, असा नियम होता. त्यासाठी ताईंना उसनं घेतलं गेलं. ज्या बायकांनी नवऱ्याचा मार आणि मुलींची लफडी त्यांच्या कानात सांगितली होती, त्यांच्याच कमरा ताई तीन आठवडे चाचपत होत्या. "ताई, तुम्हीसुद्धा?" एवढंच कुणीतरी म्हणायचं. बाकीच्या तेही म्हणत नसत.

एक शिवणवाली तेवढी बोलत राहिली. तिचं घर ओळीत सहावं. दोन टोळ्यांच्या गोळीबारात तिच्या नवऱ्याच्या कमरेत गोळी घुसली होती. तो दारात दाढी करत बसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून तो आतल्या खोलीत खाटेवर होता.

एका दुपारी ताई गणवेश सैल करून घ्यायला गेल्या.

"श्वास सोडा, ताई," शिवणवाली तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली. "पोट आत ओढून माप दिलंत तर उद्या बटण उडून कॅप्टनच्या डोळ्यात जाईल."

मग ती मशीनवर बसली आणि पायडल मारता मारता, मान वर न करता बोलली. "पलीकडच्या घरात. फरशीखाली. दुपारी लोखंड ठेवल्याचा आवाज येतो. परवा फरशी परत बसवली, तर सिमेंटचं पाणी माझ्या भिंतीतून झिरपलं."

ताईंनी उघड्या दाराकडे एकदा पाहिलं.

"माझं नाव..."

"तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आणि झडती तुझ्याही घराची होईल. चारचौघींसारखीच."

"चांगली दणकून घ्या. मी तोंडाला येतील त्या शिव्या घालीन."

"घाल की. तुझ्या शिव्या मला नव्या आहेत होय?"

दोघी हसल्या.

झडतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता गल्लीच्या दोन्ही तोंडांना ट्रक लागले. पहिलं घर, दुसरं, तिसरं, चौथं. जवान शिस्तीत आत जात, शिस्तीत बाहेर येत. पाचव्या घरात पहारीनं फरशी उचलली, आणि खालून अकरा पिस्तुलं, दोन रायफली आणि काडतुसांची पेटी निघाली. घरमालक आधीच पसार होता. त्याची म्हातारी आई उंबऱ्याशी उभी राहून सगळं बघत होती.

कॅप्टनच्या वायरलेसवर कुणीतरी जोरजोरात बोलत होतं. तो ताईंकडे आला. "चला ताई. काम फत्ते."

"सात घरं राहिलीत, साहेब."

"दहा वाजता मोठे साहेब येणार आहेत, वार्ताहर येणार आहेत. सगळा माल तिथं मांडून ठेवायचाय. वरून हुकूम आहे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता." त्याची मान खाली गेली. "संध्याकाळी परत येतो. उरलेली घरं तेव्हा करू."

"संध्याकाळी येऊन काय करणार? तिच्या प्रेताचा पंचनामा?"

त्याला बहुधा सगळं कळलं. पण ट्रकची इंजिनं सुरू झाली होती. तो चढला आणि ट्रक उतारानं निघून गेले.

गल्लीत ताई आणि चौकीचे दोन शिपाई उरले. दाराआडून माणसं बाहेर येऊ लागली. पाचव्या घरातल्या म्हातारीनं उखडलेल्या फरशीकडे पाहिलं, मग सामाईक भिंतीकडे. भिंतीवर पाण्याचा डाग तिच्याही बाजूनं होताच. ती सावकाश बाहेर आली आणि झडती न झालेल्या सहाव्या घराकडे बघत राहिली. किलकिल्या दारात शिवणवाली उभी होती. हातात अर्धवट शिवलेली बाही. चेहरा पांढराफटक.

विचार करायला वेळ नव्हताच. ताईंनी जाऊन ते दार लाथेनं सताड उघडलं.

"हो बाजूला! शेजारी कारखाना चालला होता आणि तुला पत्ता नव्हता होय गं? त्यांची राखण करत होतीस ना?"

शिवणवाली क्षणभर गोंधळली. मग तिला आठवलं. तिनं तोंड सोडलं. ताईंच्या सात पिढ्या उद्धरल्या. ताईंनी ट्रंक ओढून गल्लीत उपडी केली. गिऱ्हाइकांचे कपडे गटारात गेले. रिळं उतारावरून घरंगळत गेली.

म्हातारी अजून बघतच होती. तिचा चेहरा बदलला नव्हता.

ताई आतल्या खोलीत शिरल्या. "ताई, अहो, तो अंथरुणाला खिळलाय," शिपाई पुटपुटला. ताईंनी गादी ओढली. नवरा खाली कोसळला आणि असा ओरडला की गल्लीतली कुजबुज थांबली. हे ठरलेलं नव्हतं. शिवणवालीच्या शिव्याही थांबल्या.

मग ताईंचा हात मशीनवर पडला.

"मशीन नको, ताई," शिवणवाली हळूच म्हणाली. त्यात नाटक नव्हतं.

ताईंनी दाराकडे पाहिलं. म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली होती. ताईंनी मशीन ढकललं. ते पायरीवर आपटलं आणि त्याचा लोखंडी हात मधोमध तडकला.

"सटवीनं हिलासुद्धा सोडलं नाही," म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि वळून आपल्या घरात गेली.

हे सगळं कुणीतरी मोबाइलवर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन फोटो शेजारी शेजारी आले. एकात कॅप्टनसमोर ओळीनं मांडलेली पिस्तुलं. दुसऱ्यात ताई, आणि खाली जमिनीवर पडलेला आजारी माणूस.

इन्स्पेक्टरनी ताईंना बोलावलं. "लष्करानं एवढी मोठी कारवाई केली, कुणाला खरचटलं नाही. आणि तुम्ही? अठरा वर्षांची नोकरी तुमची! कारण लिहून द्या."

फाईल किती हातांतून जाते आणि त्यातले किती हात टोळीकडून ओले होतात, हे ताईंना पाठ होतं. त्यांनी लिहिलं, 'राग अनावर झाला. चूक माझी.'

"बस? एवढंच?"

"एवढंच, साहेब."

लष्कर परत जायच्या आदल्या दिवशी कॅप्टन चौकीवर आला. टोपी काढून उभा राहिला. "मी लेखी देतो ताई. काय ठरलं होतं, मी काय चुकलो, सगळं."

"सगळं दिलंत तर सहावं घर कागदावर येईल."

"मग मी करू तरी काय?"

"गप्प राहा, साहेब. निदान तेवढं पाळा."

ट्रक गेले, तंबू गेले, भट्टीही गेली. मैदानात चाकांच्या खोल चाकोऱ्या राहिल्या. तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात वरच्या टोळीनं नळाजवळ एकाला गोळी घातली, आणि बस थांब्यावर थांबेनाशी झाली. जीप तशीच ढकलावी लागत होती. ताईंची बदली कोर्टाची समन्सं वाटायच्या कामावर झाली. मशीन दुरुस्त करून पाठवावं, असं त्यांच्या मनात दहादा आलं. पण पाठवलं कुणी, हे वस्तीनं विचारलंच असतं.

चौकीवरच्या शेवटच्या दिवशी दुपारी ताई त्या गल्लीतून गेल्या. शिवणवाली दारात बसून हातानं टाके घालत होती. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ताईंची पावलं आपोआप मंदावली.

शिवणवालीनं मान वर केली. ताईंकडे पाहिलं. मग कापड गोळा करून ती उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तिनं तसंच करायला हवं होतं. ती हसली असती, साधी मान जरी हलवली असती, तरी सगळं फुकट गेलं असतं. ताईंनी स्वतःला हे दोनदा सांगितलं आणि त्या उतार उतरू लागल्या. मागं आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग तिनं दार एकदा आतून ओढून पाहिलं, कडी नीट बसली आहे ना म्हणून.