उचक्यांचं गाणं

ताईचा आवाज प्रयोगशाळेत ऐकू आला तेव्हा मी पाण्याचा कठीणपणा मोजत होते. काचेच्या नळीतून थेंबथेंब सोडायचे आणि लालसर रंग निळा झाला की तोटी बंद करायची, एवढंच काम असतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई दुपारी रेडिओ लावतात. ताईचा कार्यक्रम त्यांच्या आवडीचा. दर आठवड्याला ताई एका पाहुण्याला बोलावते आणि त्याच्या आवडीनिवडी विचारते: कपडे कोणते, रंग कोणता, सिनेमातलं कोणतं गाणं, आणि त्यामागची आठवण. त्या दिवशी कार्यक्रमाचा वाढदिवस होता, म्हणून ताईलाच पाहुणी केलं होतं.

"लहानपणी मला कांजिण्या आल्या होत्या," ताई सांगत होती. "घरी मी एकटीच. बाबा नव्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते, त्यांचा एकुलता एक कोट घालून. लवकर परत आले. नोकरी मिळाली नव्हती. रेडिओवर एक संथ, उदास गाणं लागलं होतं. बाबांनी काही न बोलता कोट काढला, माझ्या अंगावर पांघरला आणि म्हणाले, 'बाळ, माणसानं आपला कोट जगाच्या मापानं शिवू नये.'"

मी तोटी बंद करायला विसरले. नमुना वाया गेला.

"काय बोललेत हो तुमचे वडील," शेजारच्या बाई डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या. "लिहून ठेवण्यासारखं."

आमच्या बाबांनी जन्मात कुणाला 'बाळ' म्हटलं नाही. त्यांची वाक्यं 'दार लाव' आणि 'दिवा घालव' अशी असायची. पण मला राग आला तो त्या वाक्याचा नव्हे. कांजिण्या मला आल्या होत्या. मी आठ वर्षांची होते, ताई तेरा. तिला लागण होऊ नये म्हणून आईने तिला मावशीकडे पाठवून दिलं होतं. बाबा घरी आले तेव्हा घरात मी होते.

बाबांच्या आठवणी ताईकडे पोत्याने आहेत. संध्याकाळी फिरायला जाताना ते तिला बरोबर घ्यायचे, सकाळी तिच्याकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यायचे, पाहुणे आले की तिलाच पुढे करायचे. मी त्यांना आवडत नव्हते असं नाही. मी त्यांच्या लक्षात येत नसे. ती एक दुपार सोडली तर बाबा माझ्याकडे बघत बसलेत, असं दुसरं काहीही माझ्याजवळ नाही.

त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या सभागृहात ताईचा गाण्यांचा कार्यक्रम होता, वाद्यवृंदासह. ही आठवण ती तिथेही सांगणार, असं रेडिओनेच जाहीर केलं होतं. आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले.

ताई आरशासमोर उभी होती, दोन्ही हातांत एकेक जॅकेट. भावजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिच्या बुटांना पॉलिश करत होते.

"आलीस? बरं झालं. करडं की निळं?"

"ती आठवण उद्या सांगू नकोस."

"कोणती?"

"कांजिण्यांची. ती माझी आहे."

ताईने करडं जॅकेट अंगावर चढवलं आणि आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "थर्मामीटर," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. "एवढं सांगायला तू बस बदलून आलीस?"

"हो."

"आठवणीवर काय भांड्यासारखं नाव घातलेलं असतं? बाबा दोघींचे होते."

"बाबा दोघींचे होते. ती दुपार माझ्या एकटीची होती. तू मावशीकडे होतीस."

"मला स्पष्ट आठवतंय. कोटाचा वास आठवतोय."

"कोट तू कपाटात हुंगला असशील. भावजी, ताईला कांजिण्या कधी झाल्या होत्या?"

भावजींनी मान वर केली नाही. "आपली लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी. आधी तिला, मग हिला. महिनाभर रेडिओवर आवाज नाही. घरातल्या आरशांवर हिनं चादरी टाकल्या होत्या. मला दाढी चमच्यात बघून करावी लागली." मग त्यांचा ब्रश थांबला. "का गं?"

"तुम्हाला कुणी विचारलं?" ताई म्हणाली.

"आत्ताच हिनं विचारलं की."

"कांजिण्या दोनदा होत नाहीत," मी म्हणाले. क्वचित होतात. ते मला माहीत आहे, पण बोलले नाही.

ताई पलंगाच्या कडेला बसली. जॅकेटची बटणं तिने एकेक करून काढली. "मग गोवर असेल. नाहीतर साधा ताप. लोक काय माझ्या पुटकुळ्या मोजायला येतात का?"

"पुटकुळी असो नसो, तू तिथे नव्हतीस."

"आणि तू होतीस, तर बोलली का नाहीस इतकी वर्षं? तुझ्या तोंडून एक गोष्ट धड बाहेर पडत नाही. चार माणसांत तुला पाणी मागता येत नाही. तुझ्याजवळ राहून त्या आठवणीचं लोणचं झालं असतं. मी तिला चारचौघांत नेलं, नीट कपडे घालून नेलं."

"दुसऱ्याच्या पोरीला पळवून नेताना कपडे कसले घातलेस, ते कोण बघतं?"

भावजी बूट घेऊन दुसऱ्या खोलीत जायला उठले. ताई म्हणाली, "बसा." ते बसले.

मी इथे थांबायला हवं होतं. जे सिद्ध करायचं ते झालं होतं. पण चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही; पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

"आणि गाणं ते नव्हतं," मी म्हणाले. "बाबांनी कोटही काढला नव्हता."

"मग कोणतं होतं?"

"उचक्यांचं."

त्या काळी एका सिनेमातलं एक चावट गाणं दिवसातून चारदा लागायचं. दारू प्यालेला आचारी मालकिणीला स्वयंपाकाचे पदार्थ सांगतो आणि प्रत्येक ओळीला नेमक्या शब्दावर उचकी देतो. घरात ते सुरू झालं की बाबा उठून रेडिओ बंद करायचे. 'गाणं आहे की पोटदुखी,' म्हणायचे. बाबांना इस्त्रीची कडक कॉलर आवडायची, बातम्या आवडायच्या, आणि ज्यात कुणीतरी कुणाला तरी कायमचं सोडून जातं अशी गाणी आवडायची. त्या दिवशी मात्र ते आले, बूट न काढता, कोटासकट, माझ्या खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसले. उचक्यांचं गाणं चालू होतं. मी रेडिओकडे हात नेला तर म्हणाले, 'राहू दे.' आणि मग ते गाऊ लागले. शेवटपर्यंत. एक शब्द चुकला नाही, एक उचकी चुकली नाही.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा भावजी खुदकन हसले. सासऱ्यांना ते आयुष्यभर घाबरून होते.

"खोटं," ताई म्हणाली.

"तू मावशीकडून परत आलीस तेव्हा मी पहिल्यांदा तुला सांगितलं होतं. तेव्हाही तू हेच म्हणालीस. 'खोटं. तापात भास झाला असेल.' आणि पाठ फिरवून झोपलीस. तेव्हा तुला ते नको होतं. मग कधीतरी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस, आणि वर ते बीळ रंगवूनही घेतलंस."

"बाबा असलं गाणं म्हणणारच नाहीत."

"तुझ्यासमोर नसतील म्हणत. तुझ्यासमोर त्यांना ताठ बसावं लागायचं."

हे तिला लागलं. नंतर बोलली ती वेगळ्याच, कोरड्या आवाजात. "उचकी कुठे यायची? ओळीच्या सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटच्या शब्दाच्या मधोमध."

"हात कुठे होते?"

"एक गुडघ्यावर. दुसऱ्याने बुटावर ताल धरला होता."

"टाय?"

"सैल केलेला. गाठ तशीच."

ती माझी परीक्षा घेते आहे असं मला वाटलं, म्हणून मी एकेक उत्तर मोजून दिलं. शेवटी ती उठली आणि निळं जॅकेट उचललं.

"ठीक आहे. उद्या कांजिण्या नाहीत, कोट पांघरणं नाही, ते 'बाळ' वगैरे नाही. शब्द देते. झालं समाधान?"

"झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. भावजींनी मला तिसऱ्या रांगेत बसवलं. ताई निळ्या जॅकेटमध्ये आली, टाळ्या झाल्या, दोन-तीन गाणी झाली. मग तिने माईक स्टँडवरून काढून हातात घेतला.

"माझे बाबा फार कडक होते," ती म्हणाली. "रेडिओवर जे सांगितलं ते जरा सभ्य करून सांगितलं होतं. आज खरं सांगते. मी तापाने फणफणले होते. बाबा मुलाखतीहून आले, आणि कोटाबुटांसकट माझ्या खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसले."

तिने शब्द पाळला होता. कांजिण्या नव्हत्या, 'बाळ' नव्हतं. टायची गाठ तशीच होती, एक हात गुडघ्यावर होता. 'राहू दे' हे ती अगदी बाबांसारखं म्हणाली. मला ते कधीच तसं म्हणता आलं नसतं. मग ती गाऊ लागली. पहिल्या उचकीला लोक हसले, दुसरीला सभागृह कोसळलं. अकॉर्डियनवाल्याने तिसरी उचकी वाद्यावर काढली. माझ्या शेजारचे गृहस्थ हसता हसता माझ्या खुर्चीच्या हातावर थापा मारत होते. चारशे माणसांना बाबा एकाच वेळी आवडले होते.

गाणं संपलं. ताई क्षणभर थांबली. "आणि मग... मग बाबांनी मला जवळ घेतलं," ती म्हणाली. टाळ्या आल्या, पण जरा उशिरा, वाट बघून आल्यासारख्या.

कार्यक्रमानंतर मी रंगमंचामागच्या खोलीत गेले. ताई आरशासमोर कापसाने चेहरा पुसत होती. भावजी जॅकेट हँगरला लावत होते.

"कशी झाली गोष्ट?" तिने विचारलं.

"चोरी सफाईदार झाली."

"चोरी कसली? तू म्हणालीस ते सगळं काढलं, तू म्हणालीस ते सगळं घातलं. आणखी काय हवंय तुला?"

"मी हवी होते त्यात."

"तुझं नाव घेतलं असतं तर लोकांनी वळून तुझ्याकडे पाहिलं असतं, आणि तू खुर्चीत विरघळली असतीस." हे खरं होतं. ताईला माझ्याबद्दल जे कळतं ते बरोबरच कळतं. "ते जाऊ दे. शेवट लंगडा पडतो गं. तुझ्या लक्षात आलं असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे, मला नीट शेवट लागेल. गाणं संपल्यावर बाबांनी काय केलं?"

ते मी ताईला लहानपणीही सांगितलं नव्हतं, कारण तिथवर पोचायच्या आतच तिने पाठ फिरवली होती. काल तिने उचक्यांबद्दल विचारलं, टायबद्दल विचारलं. हे विचारलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणाले.

"तुला? टायची गाठ आठवते आणि हे आठवत नाही?"

"नाही."

"आठवून बघ."

"बघितलं."

तिने कापूस खाली ठेवला आणि खुर्ची वळवून सरळ माझ्याकडे तोंड केलं. मी खोटं बोलते आहे हे तिला कळलं होतं. भावजींनी हँगर हातात धरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"किती कोत्या मनाची आहेस तू," ताई म्हणाली. "आता बाबांबाबतसुद्धा?"

"बाबांबाबतच."

मी भावजींना 'येते' म्हटलं आणि बाहेर पडले. ती दारापर्यंत मागे आली. चेहरा अर्धा पुसलेला, अर्धा रंगवलेला तसाच होता.

"निदान हसले की रडले," ती म्हणाली, "एवढं तरी सांग."

मी जिना उतरायला लागले होते.