थोडी घाण हवी होती

बाबांचं बीपी उतरावं म्हणून आम्ही घरात मासे आणले आणि त्या दिवसापासून घरातल्या बाकी सगळ्यांचं चढलं.

बाबांना हर्निया होता. आमची लाँड्री आहे, खाली दुकान आणि वर घर. जन्मभर ओल्या चादरींची गाठोडी उचलल्यावर पोटाची शिवण कधीतरी उसवणारच. ऑपरेशन साधं होतं, पण बीपी खाली आल्याशिवाय डॉक्टर 'फिट' म्हणून सही करेनात आणि सहीशिवाय सर्जन हात लावेना. "आतडं अडकलं तर मात्र धावपळ होईल," डॉक्टर म्हणाले होते, "तेव्हा बीपी बघत बसायला वेळ मिळणार नाही." हे ऐकून बाबांचं बीपी तिथल्या तिथे आणखी चढलं. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा मोडली.

मग एकदा दवाखान्यात फार गर्दी होती. बाबा बाहेरच्या खोलीत माशांच्या टाकीसमोर कितीतरी वेळ बसून राहिले. आत गेले तर आकडा चक्क नॉर्मल. डॉक्टरांना वाटलं मशीन बिघडलं. त्यांनी स्वतःचं मोजून बघितलं, ते मात्र जास्त निघालं.

म्हणून टाकी.

टाकीच्या दुकानदाराला आम्ही टाकीवाला म्हणतो. मासेवाला म्हटलेलं त्याला चालत नाही. तो विकतो त्यापेक्षा जास्त रागावतो.

"टाकी भरा, फिल्टर लावा आणि महिनाभर तशीच चालू ठेवा," त्याने सांगितलं. "मासे नंतर."

"रिकाम्या टाकीकडे बघून बीपी उतरत असतं तर गच्चीवर आहे की एक, चांगली मोठी," बाबा म्हणाले.

"अहो साहेब, पाणी मुरावं लागतं."

"आमचा धंदाच पाण्यात आहे. पाण्याचं आम्हाला नका शिकवू."

टाकीवाल्याने खांदे उडवले आणि मासे पिशवीत भरले. काळे मॉली, नारिंगी मॉली आणि शेपटीला पंखा लावलेले चार-पाच गप्पी. पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवा, दोन्ही पाण्यांची ऊब सारखी झाली की मग सोडा, साबणाचा हात टाकीला लावू नका, एवढं त्याने बजावलं. साबणाचं आईने तंतोतंत पाळलं. तिने तळाची खडी साध्या पाण्यात इतकी धुतली की प्रत्येक खड्याला आपण रत्न असल्याचा भास व्हावा. आमच्या घरात डाग म्हणजे पाहुणा नव्हे, शत्रू.

आठवडा बरा गेला. बाबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे आणि आकडा बोट धरून उतरल्यासारखा रोज थोडा खाली यायचा. सर्जनने तारीख दिली. आदल्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरांनी शेवटचं तपासायचं आणि सही करायची, असं ठरलं. ही तारीख चुकली तर सर्जन दोन महिन्यांच्या सुट्टीवर जाणार होता, आणि बाबांचं पोट एव्हाना खोकलं तरी दुखत होतं.

त्या आदल्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर सगळे मासे वर आलेले. पाण्याच्या कडेला ओळीने उभे, तोंडं उघडझाप करत.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "ओळखायला लागले मला. वर येऊन बोलतात."

मी बघितलं. मासे बोलत नव्हते. त्यांना श्वास मिळत नव्हता. काळ्या मॉलीचे कल्ले एवढे जोरात हलत होते की जिना चढून आलेला जाडा पाहुणा वाटावा.

"गोड आहेत," मी म्हणाले, चहा त्यांच्या हातात दिला आणि जिना उतरून दुकानात येऊन टाकीवाल्याला फोन लावला.

"वर आलेत?" तो म्हणाला. "तोंड उघडतात? झालं. पाणी विषारी झालंय. माशांनी केलेली घाण खाऊन टाकणारे बारीक जंतू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. म्हणून म्हटलं होतं महिनाभर थांबा. ते वाढलेच नसतील."

"आठवड्यात थोडे तरी वाढले असतील ना?"

"वाढायला हवे होते. स्पंज धुता का तुम्ही?"

नेमक्या त्याच वेळी आईने कपडे वाळवायच्या मोठ्या ड्रायरचं दार उघडलं. हॉटेलच्या उशांचे अभ्रे बाहेर आले, आणि त्यांच्यामधून आमचा निळा स्पंज. गरम, फुललेला, नव्यापेक्षा नवा.

"रोज धुते," आई मला म्हणाली, तिचा चेहरा खुलला होता. "साबण नाही हं, नुसतं उकळतं पाणी. आणि मग ड्रायर. बाबांच्या माशांना कसली कसर नको. बघ, कसा झालाय. गालाला लावून बघ."

मी गालाला लावून बघितला. फोन अजून चालूच होता.

"ऐकलं मी," टाकीवाला म्हणाला. "पस्तीस टक्के पाणी बदल. क्लोरीन मारायचे थेंब घालूनच. त्याने दुपारपर्यंत निभेल. पण जंतू हवेतच. माझ्या दुकानातून नको, इथे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आलाय, सगळीकडे औषध टाकलंय. एखादी जुनी टाकी शोध आणि तिचा स्पंज पिळून घाण आण. डॉक्टरांची टाकी मीच लावली होती, ती चालेल."

"म्हणजे मी दवाखान्यात जाऊन घाण मागू?"

"तुम्हा लोकांना सवय नसेल, पण माग."

आईला सांगायला मी तोंड उघडलं आणि माशासारखंच मिटलं. ती स्पंजाची एक सुरकुती बोटाने सरळ करत होती. "दे, आज मी लावते," एवढंच म्हणाले. मासे दमलेत, पाणी बदलूया, हे मात्र सांगितलं. तिने लगेच पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या.

"अहो, जरा सरका. पाणी बदलतेय," ती वर जाऊन बाबांना म्हणाली.

"कालच बदललंस ना?"

"मग आज नको का बदलायला? आपण रोज आंघोळ करतो ती काय हौस म्हणून?"

बाबा खुर्चीसकट वीतभर सरकले, जास्त नाही. आई बादली भरत होती, मी थेंब मोजत होते आणि आम्ही दोघी इतक्या मोठ्याने पडद्यांच्या एका ऑर्डरबद्दल बोलत होतो की शेजाऱ्यांनाही ती पाठ झाली असेल. टाकीकडे बघत बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला, तेव्हा तो थोडा वाजला.

मी एक रिकामी बरणी पिशवीत घातली आणि मी नि बाबा दवाखान्यात निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांच्या टाकीतले मासे तळाशी आरामात हिंडत होते. एकही वर नाही. बाबा त्यांच्याकडे टक लावून बसले.

"इथले बोलत नाहीत," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"दवाखान्यात शांतता पाळावी लागते," मी म्हणाले.

त्यांना आत बोलावलं. दार बंद होताच मी रिसेप्शनच्या काचेपाशी गेले. तिथल्या बाई चष्म्याला साखळी लावतात आणि माणसाकडे साखळीवरून बघतात.

"थोडी घाण मिळेल का?" मी विचारलं.

"काय?"

"टाकीतली. स्पंज पिळून. बरणी आणलीय मी."

त्यांनी चष्मा लावला. "तुम्ही लाँड्रीवाल्यांच्या ना? माझा क्रीम कोट तुमच्याकडे दिला होता. खिशावरचा शाईचा डाग तसाच परत आला. घाण काढता येत नाही म्हणून आता न्यायला सुरुवात केलीत का?"

"ताई, तो डाग मी स्वतः बघते. पण आत्ता बाबा बाहेर यायच्या आत..."

"दिवसभर खोकणारे पेशंट आणि ही टाकी, एवढंच आहे मला. टाकीला काही झालं तर?"

"काही होणार नाही. टाकीवाल्याला विचारा."

"त्या माणसाला? तो साधा नमस्कारसुद्धा रागावून करतो." तरी त्यांनी फोन लावला. फोन लांब धरून ऐकला आणि ठेवला. "कोट फुकट," त्या म्हणाल्या. "आणि बाही वर करा. पेशंटच्या अंगावर शिंतोडे नकोत."

मी झाकण उचललं. हात खांद्यापर्यंत आत घातला. फिल्टर कोपऱ्यात, एका झाडामागे होता. स्पंज हाताला लागला, बुळबुळीत, जड, आमच्या घरी ज्याला कोणी चिमट्यानेही उचललं नसतं असा. खुर्च्यांवरचे पेशंट खोकायचे थांबले होते. मी स्पंज बरणीवर धरून पिळला आणि चहाच्या रंगाचं, बारीक कचऱ्याचं पाणी आत पडलं.

तेव्हाच आतलं दार उघडलं.

बाबा बाहेर आले. शर्टाची एक बाही वर, चेहरा पांढरा. त्यांच्यामागे डॉक्टर. "खूपच वर आहे. काल तर छान होतं," डॉक्टर म्हणत होते. "टाकीसमोर बसा थोडा वेळ. परत बघतो. तेव्हाही उतरलं नाही तर मला सर्जनला कळवावं लागेल."

आणि मग दोघांना मी दिसले.

चोरी सापडल्यावर माणसं काहीतरी स्पष्टीकरण देतात. माझ्या हातात स्पंज गळत होता. मी म्हणाले, "पाणी बघत होते."

"मरतायत ना आपले?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. बोलतात ते..."

"बॉयलरपाशी तीस वर्षं उभा राहिलोय मी. हवा न मिळालेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला कळत नाही का?"

"मग सकाळी म्हणालात ओळखतात म्हणून?"

"तुझी आई मागे दारातच होती, खाली निघालेली." ते खुर्चीवर बसले, पोटाला हात लावून. "रोज पहाटे तो स्पंज घेऊन खाली जाते ती. इतक्या मायेने मी तिला कधी रेशीम धुताना बघितलं नाही. अतीच धुणं हे, मला दोन दिवसांपूर्वीच वाटलं. पण सांगू कसं? माझ्यासाठी करते, आणि माझ्यासाठी करताना मारते, हे तिला सांगू?"

डॉक्टर मधेच उभे होते, कानांत नळ्या घालून, जणू हेही तपासायचं होतं.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "असा पिळतात का? निम्मं आतच ठेवलंस." त्यांनी स्पंज घेतला. तळव्यात दुमडला, अंगठ्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत नेला, उलटा केला, पुन्हा दाबला. हळू, एकाच लयीत, लोकरीचं काही असेल तर पिळतात तसा. बरणी गळ्यापर्यंत भरली. मग स्पंज त्यांनी अलगद टाकीत परत बसवला, हात पुसले आणि बरणी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत बसले. आत घाण गोल गोल फिरत खाली बसत होती.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, थांबले, आणि तिथेच बाहेर बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मी आकडा बघितला नाही. रिसेप्शनच्या बाईंनी बघितला. त्यांनी चष्मा काढला.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी पुन्हा घेतील, तेव्हाही एवढंच राहायला हवं. घरी ताण नको."

घरी आई टाकीपाशी बादली घेऊन उभी होती. मासे अजून वरच होते, जरा कमी ओढ घेत. तिने बरणी बघितली.

"हे काय?"

"घाण," बाबा म्हणाले.

"कोणाची?"

"डॉक्टरांची. बस जरा. तुला एक सांगायचंय."

मी म्हणाले, "बाबा, बीपी..."

"असू दे." आणि त्यांनी सांगितलं. स्पंज, जंतू, ड्रायर, सगळं, एकही शब्द मऊ न करता. आई ऐकत होती. तिच्या हातातली बादली खाली गेली नाही, वरही आली नाही.

"दोन दिवस माहीत होतं तुम्हाला?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला?"

"सकाळपासून," मी म्हणाले.

"म्हणजे घरात मला एकटीलाच वेड्यात काढून दोघं पडद्यांच्या गप्पा मारत होतात." तिने बरणी बाबांच्या हातातून हिसकावली, वास घेतला, डोळे मिटले आणि सगळी फिल्टरच्या तोंडाशी, स्पंजावर ओतली. पाणी तपकिरी झालं. मासे दिसेनासे झाले. आम्ही तिघं त्या चिखलाकडे बघत उभे राहिलो आणि आत कोण आहे, कोण गेलं, काहीच कळेना.

"आता?" आईने विचारलं.

"आता हात लावायचा नाही," मी म्हणाले. आयुष्यात एवढी अवघड गोष्ट तिला कोणी सांगितली नसेल.

सकाळी मी बाबांना घेऊन हॉस्पिटलला गेले. आई घरी राहिली. आम्ही निघालो तेव्हाही पाणी गढूळच होतं. बाबा हिरवा झगा घालून पलंगावर आडवे झाले आणि नर्सने दंडाला पट्टा बांधला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"पाणी निवळलंय," आई म्हणाली. "त्यांना दे."

"आत्ता नको, आत्ता मोजतायत..."

"दे म्हणते ना. लपवालपवी पुरे झाली."

मी फोन लांब धरला, पण बाबांनी मोकळा हात पुढे केला होता. नर्स पट्ट्यात हवा भरत होती.

"एक गेला," आईचा आवाज मलाही ऐकू आला. "काळा मोठा. बाकीचे खाली आहेत. दोघं एकमेकांच्या मागे पळतायत, एक झाड कुरतडतोय. वर कोणी नाही."

बाबा छताकडे बघत राहिले. पट्टा फुगला, थांबला, सुस्कारा टाकत उतरायला लागला. नर्सची नजर काट्यावर आणि माझी नर्सच्या चेहऱ्यावर, आणि तो चेहरा गढूळ पाण्याइतकाच काही सांगेना.

"काळ्याला बाहेर काढलंस?" बाबांनी विचारलं.

"काढला. चमच्याने. दुसरं कशालाच हात लावला नाही."

"आणि स्पंज?"

"आत आहे. फार घाण दिसतोय हो."

"दिसू दे."

"बसलेय समोर. हातांवर बसलेय."

"बस तशीच," बाबा म्हणाले.

नर्सने आकडा कागदावर लिहिला, फोन त्यांच्या हातातून काढून मला दिला आणि ऑपरेशनला न्यायला पायाने पलंगाचा ब्रेक सोडला.