सासऱ्याच्या नावातला शब्द

बुरुलच्या सासऱ्याचं नाव जांगीबाय. जांगी म्हणजे तिकडच्या बोलीत नवा. आणि नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावातला शब्दसुद्धा घ्यायचा नाही. आता बघा पंचाईत! कुणाच्या सासऱ्याचं नाव लांडगा, कुणाच्या कुऱ्हाड; त्या सुना निभावून नेतात. पण 'नवा' शब्द टाळून तीस वर्षं संसार करून दाखवा बरं!

बुरुलने केला. नवा झगा तिच्या तोंडी 'आजचा झगा' झाला, नवा चंद्र 'कोवळा चंद्र'. राखेतून विस्तव फुलवला की ती 'निखारा उठवला' म्हणायची. जुना नमदा, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, भिजवून पुन्हा मळला की 'लोकर तरणी झाली'. दुखणेकरी बरा झाला की 'माणसात आला', आणि आटलेल्या मेंढीला दूध आलं की 'पान्हावली'. आपण एका शब्दात उरकतो तिथे तिला दरवेळी नीट बघावं लागायचं, की परत येतंय ते कोण आणि कुठून.

त्या वसंतात जिल्ह्याचा साहेब झऱ्यांची यादी करायला आला. शाळेत सभा भरली. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून जांगीबाय म्हातारा बसला होता, मागे बायका. साहेबाच्या कागदावर तीनच रकाने होते: नवा, दुरुस्ती, बंद. गावचा झरा दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून बुजला होता, आणि दुरुस्ती मिळायची ती फक्त वाहत्या झऱ्याला. बंद लिहिलं की वर सिमेंट पडणार आणि बायकांनी जन्मभर नदीवरून पाणी आणायचं.

"मेलेला झरा आहे, लिहा बंद," सरपंच अकमत म्हणाला. त्याच्या घरी पाणी त्याची बायको आणायची, त्याचं काय जातंय!

बुरुल उठली. "मेला नाही साहेब. हिवाळ्यात तिथला बर्फ सगळ्यात आधी वितळतो. खाली ऊब आहे. त्याचा डोळा उघडायचाय."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

"बाई, सरळ सांगा," साहेब म्हणाला. "नव्याने काढायचाय का? 'नवा' म्हणा, यंत्र पाठवतो. मागणी तुमची, तर शब्दही तुमच्याच तोंडचा हवा. एकच शब्द."

शब्द जिभेच्या टोकावर होता आणि समोर सासऱ्याची पाठ.

"वहिनी मरतील पण बोलणार नाहीत," अकमत खिदळला. "सासऱ्याचं नाव आहे ना ते!"

साहेबाने कपाळावर हात मारला. "बोलायचं नसेल तर बंद लिहितो."

"पेन खाली ठेवा!" बुरुल इतक्या जोरात म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "निखारा राखेत दडला म्हणून कुणी चूल मोडत नाही. उद्या दुपारपर्यंत थांबा. बोलत नाही मी, दाखवते."

पहाटेच ती फावडं घेऊन वर गेली. दगड उपसताना तळहात सोलवटले. आपण तोंडघशी पडलो तर, असं सारखं मनात येत होतं, पण फावडं थांबलं नाही. उन्हं आली तशी शेजारीण आली, मग आणखी चौघी. थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवत अकमतची बायकोही आली. "दोन वर्षं बादल्या वाहतेय मी," ती म्हणाली, "आमच्या ह्यांना काय ठाऊक मेलं कोण ते!"

दुपारी साहेब कागद घेऊन वर आला, मागून सगळा गाव. खड्ड्यात नुसता चिखल होता. अकमतने तोंड उघडलं, इतक्यात बुरुलने पहारीने शेवटचा दगड उलथला. चिखल हलला, फुगला, आणि गढूळ पाण्याची धार थेट साहेबाच्या बुटावर आली. बायकांनी असा गलका केला की खालची कुत्री भुंकू लागली. बुरुल चिखलातच बसली आणि ढसाढसा रडली.

साहेबाने तिन्ही रकान्यांवर आडवं लिहिलं: डोळा उघडला.

अकमतची टोपी लगेच फिरली. "पाटी लावू! नाव ठेवू 'नवा झरा'. जांगीबाय आजोबांचाही मान राहील!"

"गाढवा!" म्हाताऱ्याने काठी आपटली. कालच्या सभेपासून पहिल्यांदाच तो बोलला होता. "जिने उघडला तिलाच नाव घेता येऊ नये? तीस वर्षं माझ्या नावाने हिच्या तोंडाला कुलूप घातलंय. आता पाण्यालाही घालता?"

म्हातारा सुनेकडे वळला.

"सुनबाई, तू काय म्हणशील याला?"

बुरुलने डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले. मान खालीच होती. "पान्हा, मामंजी."

जांगीबायने वाकून ओंजळ भरली. पाणी अजून गढूळ होतं, तरी प्यायला. मग गावाकडे तोंड करून, सुनेच्या मागून धडा म्हणावा तसं मोठ्याने म्हणाला, "पान्हा."