एक नट कमी

जावयाने नट आवळला, पान्याला वरून अजून एक झटका दिला आणि पुढच्या नटासाठी हात मागे केला. हात थाळीचा तळ खरवडून रिकामा परत आला. त्याने वाकून पाहिलं. दोन कार्बोरेटर, एकेकाला चार नट. सात बसले होते. मागच्या कार्बोरेटरच्या खालच्या, आतल्या बोल्टवर काहीच नव्हतं.

तो गाडीखाली सरपटला. बाकाखाली झाडू फिरवला. पँटचे खिसे उलटे केले, चपला झटकल्या, केसांतूनसुद्धा हात फिरवून पाहिला. मग त्याला आठवलं.

कार्बोरेटर साफ करायला काढले त्या दिवशी बायकोने शिडी धरायला हाक मारली होती आणि तो तसाच उठून गेला होता. इंजिनात हवा जायच्या वाटा मागे आ वासून उघड्या राहिल्या होत्या. त्यांत चिंधी कोंबायची राहिली होती.

आणि गाडी होती सासऱ्यांची. तो त्यांना मामा म्हणायचा, बाकी सगळे उस्ताद म्हणायचे. उस्तादांच्या गॅरेजात नियम एकच होता. इंजिनाचं तोंड उघडलं की आधी चिंधी, मग बोलणं. जो चिंधी विसरला तो त्याच दिवशी आपला डबा उचलून घरी. एकाने हातापाया पडून माफी मागितली, तर त्याच्या तोंडासमोर चिंधी धरून मामा म्हणाले होते, की बाबा, आता ही तुझ्या तोंडात कोंबू का?

गाडी मुळात साधी, कारकुनाने बायकोपोरांना फिरवायची. मामांनी तरुणपणी तिला जोड कार्बोरेटर लावले, रुंद चाकं घातली, स्प्रिंगा कापून ती रस्त्याला चिकटवली आणि डोंगरावरच्या शर्यतीत भल्याभल्यांना धूळ खायला लावली. मग मुलगी झाली. मामी म्हणाल्या, आता पुरे. तेव्हापासून मामांनी अर्ध्याच्या पुढे अॅक्सिलरेटर दाबला नाही. सायकलवाले मागून घंटी वाजवून पुढे जायचे. मामी हे सगळ्यांना सांगायच्या, पाहुणा नवा असला तर दोनदा. नवरा असावा तर असा, नुसत्या शब्दावर वाघाचा बैल झाला. मामा त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे.

मामांचा गुडघा गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. जावयाने ती दुरुस्त करायला मागितली तेव्हा मामांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, पत्रा कर, रंग कर, ब्रेक कर, काय हवं ते कर. इंजिन उघडायचं नाही. ते मी बांधलंय.

त्याने तसंच केलं होतं. तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, दारांच्या बिजागऱ्या बसवल्या, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. सासऱ्यांनी लावलेलं एकही जादा सामान काढलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मामा गॅरेजात येऊन त्याच्याशी जावयासारखं नाही, कारागिरासारखं बोलायला लागले होते. आणि आता हे.

दुसरा नट घालून गप्प बसता आलं असतं. तसले नट डबाभर होते. पण नट आत पडला असेल तर तो हवेच्या नळीच्या वळणात दडून बसणार. गाडी हळू चालवली तर कदाचित जन्मभर बसेल. कुणी जोरात दाबलं की हवेबरोबर ओढला जाऊन सिलिंडरात जाणार, आणि मग त्या इंजिनाचे भाग भंगारातही मिळणार नव्हते. जावयाने गार झालेला चहा एका घोटात संपवला, गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं आणि इंजिन उघडायला घेतलं.

नळ्या सुट्या करून त्यांतून उजेड पाहिला. हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यांवर बोट फिरवलं, एक ओरखडा नाही. वॉल्व्ह काढले. खालचं तेलाचं चेंबर काढून तेल कापडातून गाळलं, जाळी धुतली, जिथे बोट जाईना तिथे तारेला लोहचुंबक बांधून फिरवलं. काही नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नट नाही तो नाहीच, म्हणून तेही वाटेना.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून आधी काठी आत आली, मग मामा.

त्यांनी बाकावरचं हेड पाहिलं. फरशीवरचं चेंबर पाहिलं. जावई हातातली चिंधी पिळत उभा राहिला. ती हातात आहे हे लक्षात आलं तशी त्याने ती मागे लपवली.

"मामा, कार्बोरेटरचा एक नट कमी आहे."

मामा काठी टेकत बाकापाशी आले. हवेच्या नळ्यांवर आठ बोल्ट उभे होते. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. बोट सरळ मागच्या चौकडीतल्या खालच्या, आतल्या बोल्टवर ठेवलं.

"इथला."

कुठला नट ते जावयाने सांगितलंच नव्हतं. त्याने बॅटरी जवळ नेली. बाकीच्या सात बोल्टांवर नटाच्या जागी धातू चकचकीत होता. हा मुळापर्यंत तांबडा, जुना, मुरलेला गंज. इथे कित्येक वर्षं नट नव्हताच. तो थाळी बघत बसला होता, बोल्टकडे कुणी पाहिलं होतं?

"सगळं उघडलंस?" मामांनी विचारलं. आवाज दरडावणीचा नव्हता.

"सगळं."

"नळ्यांची वळणं?"

"चुंबक फिरवला. दोन्हीकडून."

"चेंबर?"

"जाळीसकट धुतलं मामा. आत काही नाही."

"शपथ?"

"तुमच्या लेकीची."

मामा पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. जावयाला वाटलं रडतायत की काय, म्हणून तो पुढे झाला, तर म्हातारा हसत होता. आवाज न करता, तोंडावर हात दाबून, शाळेत मागच्या बाकावर हसतात तसा. हसताहसता खोकला लागला, डोळ्यांना पाणी आलं. जावयाने हातातली चिंधी पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसायला लागले.

"गेला असेल कुठे तरी," ते शेवटी म्हणाले, "त्याच्या आईकडे." आणि बाह्या वर करायला लागले. "चल, बांधू."

इंजिन दोघांनी मिळून बांधलं. जावई काय म्हणतो ते मामा ऐकत होते, हेसुद्धा पहिल्यांदाच. आठवा नट मामांनी स्वतः डब्यातून निवडला आणि स्वतः आवळला. गुडघा दुखत असून वाकून.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली. मामा गुडघ्याला पट्टा बांधून स्टिअरिंगवर बसले, कुणाचं ऐकेनात. मामी फाटकापाशी आल्या आणि जावयाला म्हणाल्या, तू काही काळजी करू नकोस, ते हळूच चालवतात. घरं संपेपर्यंत मामांनी खरंच हळू चालवली. पुढे कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता लागला. समोर कुणी नव्हतं. मामांनी दोन्ही हात नीट धरले, घसा साफ केला आणि पाय खाली नेला. अर्ध्यावर तो थांबला, सवयीने. मग पुढे गेला.

दोन्ही कार्बोरेटर एकदम हवा ओढायला लागले. जावई सीटमध्ये मागे दाबला गेला, हात आपोआप दाराच्या कडीवर. सगळं इंजिन एका सुरात, कुठे खट नाही, खुट नाही. मामा काचेतून पुढे बघत होते आणि मान तेवढी डोलवत होते.

"मामींना काय सांगायचं?" जावयाने ओरडून विचारलं.

मामांनी वरचा गिअर टाकला.

"सांगायचंय काय त्यात? इतकी वर्षं तिचा शब्द पाळला. आज जरा विसरलो म्हणावं."