झाड तुझं, तू झाड

माझी सून घर सोडून गेली त्या वर्षी नात अडीच वर्षांची होती. मुलगा ट्रकवर. पोर माझ्या पदरात पडली. आई गेल्यापासून तिनं तोंड मिटलं ते उघडलंच नव्हतं. मी अंगणात बसून शिंप्याकडच्या शर्टांना काज-बटणं करायची आणि ती माझ्या गुडघ्याला टेकून गप्प बसायची.

अंगण आमचं आणि थोरल्या जावेचं एकच. त्यात मधोमध, पण जरासं माझ्या बाजूला कललेलं, एक झाड. त्या कललेपणावरून आमचं तीस वर्षांचं वैर. सावली हवी तेव्हा झाड दोघींचं, पानं पडली की माझं एकटीचं. रोज सकाळी ती खिडकीतून ओरडायची, "झाड तुझं, तू झाड!"

त्या थंडीत पानगळ सुरू झाली. पानं पंजाएवढी, पडण्याआधी तांबडी व्हायची. पोर ती निवडत बसे. तांबडी एकीकडे, पिवळी एकीकडे, किडकी माझ्या बटणांच्या डब्यात. एका सकाळी मला ताप होता. अंगण तसंच राहिलं. जाऊ बादली घेऊन बाहेर आली आणि पानांचा खच बघून कपाळाला हात लावला. ती काही बोलणार तोच पोर उठली, एक हात कमरेवर ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि थेट जावेच्या आवाजात ओरडली, "झाड!"

जावेनं बादली खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "घ्या! आईनं टाकली, आजीनं मुकी केली, शेवटी वाचा फुटली ती माझ्यामुळं. माझ्यावर गेलीय हो पोर!"

"तुमच्यावर जायला तिला अजून दाढा यायच्यात, जाऊबाई," मी म्हणाले.

पण आतून जळले. इतके महिने मी 'आजी म्हण, आजी म्हण' करत घसा सुकवला होता.

मग एकेक शब्द आला तो त्या झाडावरूनच. फांद्या उघड्या पडल्या तेव्हा म्हणाली, "झाडानं कपडे काढले." कोंब फुटले तेव्हा म्हणाली, "बोटं आली." उन्हाळ्यात सावली सरकेल तशी ती आपली गोधडी ओढत नेई आणि सावली जावेच्या दारात गेली की खुशाल तिथं जाऊन निजे. पावसाळ्यात सर थांबल्यावरही पानं टपटपत राहिली, तर मला ओढत बाहेर नेऊन म्हणाली, "पाऊस गेला. झाडाचा पाऊस राहिलाय."

तीस वर्षं मी त्या झाडाखालून वावरले, पण खाली काय पडलं तेवढंच बघितलं होतं. मान वर करायला मला त्या पोरीनं लावलं.

"आजी, झाडाला कोण झाडतं?" एकदा तिनं विचारलं.

"वारा."

"आणि माझ्या दारात लोटतो," खिडकीतून आवाज आला. "अगदी आजीसारखाच!"

पुढच्या थंडीत जावेचं अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. शब्द उरला तो एकच. खिडकीपाशी खाट लावली होती, उजाडलं की ती चांगला हात बाहेर दाखवून घोगऱ्या आवाजात म्हणायची, "झाड."

पोरीनं ऐकलं आणि झाडू उचलला. झाडू तिच्याहून उंच. खिडकीखालची पानं तिनं ढकलत ढकलत कडेला नेली. जाऊ गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी बटणं लावता लावता बघत होते.

जावेचा मुलगा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. एका दुपारी तो करवतवाल्याला घेऊन आला.

"काकू, आई जीव तोडून सांगतेय. झाड पाडायचंय."

"अरे मेल्या, ती पाडायला सांगत नाही, झाडायला सांगतेय!"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पुतणीला विचार."

"साडेतीन वर्षांच्या पोरीचं ऐकून आईची शेवटची इच्छा मोडू? जन्मभर आई या झाडाच्या नावानं बोटं मोडत आली. तूच सांग, खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. मी जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिले. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले आणि एखादी मोटार बाजूला ठेवावी तसं मला पायरीवर नेऊन बसवलं. पोर आत, जावेच्या खाटेवर, खिडकीचे गज धरून उभी होती. झाड कडाडून आडवं झालं तशी जाऊ ओरडत सुटली, "झाड! झाड! झाड!" डोळ्यांना धार लागली. मुलानं तिचं तोंड पुसलं.

"बघ काकू, किती बरं वाटलं तिला."

दुसऱ्या सकाळी ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. तिनं हात उचलला. "झाड."

पोर झाडू घेऊन गेली. करवतवाल्यानं अंगण लख्ख करून दिलं होतं. झाडायला काहीच नव्हतं. तिनं झाडू भिंतीला टेकवला. मग कोपऱ्यात तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता तिथं गेली, फ्रॉकच्या ओच्यात पानं भरून आणली, खिडकीखाली पसरली, तांबडी सगळ्यात वर, आणि झाडून काढली. जाऊ गप्प झाली.

मग रोज तीच पानं. सकाळी पसरायची, झाडायची, गोळा करून ठेवायची. मी एकदाही उठून हात लावला नाही. वैर होतं ते होतंच. हळूहळू पानांचे तुकडे झाले, तुकड्यांचा भुगा झाला. भुगाही ती मुठीनं पसरत राहिली.

थोरली जाऊ वारली ती नातीचं चौथं संपत आलं तेव्हा, थंडी सरता सरता, मंगळवारी सकाळी, अंगण झाडून झाल्यावर.