एका दाढीचं नाणं

सुट्ट्या पैशांची ओरड होती तेव्हा न्हाव्याने पितळेच्या चकत्या पाडून घेतल्या. एका बाजूला वस्तरा, दुसऱ्या बाजूला ‘एक दाढी’. सुट्टे नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर चकती. किराणावाल्याने ती साबणाच्या बदल्यात घेतली, चहावाल्याने चहाच्या, आणि बघता बघता चकती गल्लीत सरकारी नाण्यासारखी फिरू लागली. दाढी करून घ्यायला मात्र ती क्वचितच कुणी आणायचं. न्हाव्याचा हात पक्का आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

आता तोच हात थरथरत होता.

केस तो मशिनने कापायचा. दाढीला कुणी बसलं की वस्तऱ्याला धार नाही म्हणायचा आणि उजवी मूठ खिशात कोंबायचा.

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकणार किती दिवस?” बायको विचारायची. तो नुसता येरझाऱ्या घालायचा.

त्या सकाळी चहावाल्याने चकती परत सरकवली. “आज रोखच द्या ना, काका.” न्हावी तसाच दुकानात परतला. बाकावर माणसं दाटीने बसली होती आणि सगळ्यांचे खिसे चकत्यांनी खुळखुळत होते. मागोमाग किराणावाला आला आणि त्याने काखेतला बिस्किटांचा डबा आरशापुढे आदळला. डबा चकत्यांनी भरलेला.

“लोक काहीबाही बोलतात,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? एक दाढी कर. झाली, की डबा उचलून घरी.”

“आणि नाही झाली तर?”

“तर एवढं पितळ मी भंगारात घालू का, ते तूच सांग.”

तेवढ्या चकत्यांचे पैसे न्हाव्याच्या गल्ल्यात नव्हते, कधीच नव्हते. त्याने ब्रश उचलला. थरथरीने ब्रश उलट झकास चालला. किराणावाल्याच्या नाकातही फेस गेला. मग त्याने वस्तरा उघडला. पात्याची तिरीप आरशात पाखरासारखी फडफडायला लागली. बाकावर कुणी खोकेना. किराणावाल्याने हळूच मान आखडली.

आतल्या खोलीतून बायको ओले हात पुसत आली. “द्या इकडे.”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. आणा.”

“वहिनी, तुम्ही?” किराणावाला फेसातून बोलला. “मान आहे ही, भोपळा नाही!”

“यांची दाढी उन्हाळ्यापासून कोण करतंय? मीच. एक तरी ओरखडा दिसला?”

सगळे न्हाव्याच्या गालांकडे बघायला लागले. गुळगुळीत होते, आणि आता तापलेले.

“आता बोलू नका, भावजी. हललात तर माझा दोष नाही.”

वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात उतरला. मग दुसरा गाल, मग गळा. किराणावाल्याने गालावरून हात फिरवला, सुलटा आणि उलटा. डब्यातली एक चकती काढून त्याने झाकण घट्ट लावलं. चकती चिमटीत धरून तो एकदा न्हाव्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. तिने हात पुढे केला. चकती तिच्या तळहातावर पडली.

“पुढचा!” न्हावी गरजेपेक्षा मोठ्याने ओरडला आणि त्याने टॉवेल झटकायला घेतला. झटकून झाला तरी टॉवेल हलतच राहिला.